मनगटावरचा मणी आणि गळ्यातली माळ

आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत ती पुढे सोलापूर जिल्ह्यात उतरते. प्रत्येक तळाच्या कडेला दुकानांची पाले लागतात. बुक्का, अष्टगंध, टाळ, हरिपाठाच्या पोथ्या आणि तुळशीच्या माळा हा त्या दुकानांतला जुना माल. अलीकडे त्याच माळांच्या शेजारी मनगटात घालायच्या खड्यांच्या माळा लटकलेल्या दिसतात. पोरे त्यांना ब्रेसलेट म्हणतात. पांढरा स्फटिक मन शांत ठेवतो, काळा मणी नजर अडवतो, निळा शनीला, पिवळा गुरूला, आणि तपकिरी पट्ट्यांचा खडा माणसाचे पाय जमिनीवर ठेवतो, असे विकणारा सांगतो. घेणारे पुष्कळ असतात, आणि त्यांत गळ्यात माळ असलेलेही असतात.

मग कीर्तन संपल्यावर एखादी माउली हळूच विचारते, “महाराज, माळ घातलेल्याने हातात हे घातले तर चालते का?”

या प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरे ठरलेली आहेत. कोणी रागावतात, कोणी हसतात. पण विचारणारीच्या मनात भीती असते. मूल आजारी असते, धंदा बसलेला असतो, घरात काही बोलता येत नाही असे दुःख असते. भीतीला रागाने उत्तर देऊन ती जात नाही. म्हणून हे मणी आले कुठून, ते आपल्या पूर्वजांनी कशासाठी बांधले आणि संतांनी त्यांचे काय केले, हे जरा सावकाश पाहावे असे वाटते.

लाकडाचा मणी

रक्षणासाठी शरीरावर मणी बांधण्याची चाल वेदकाळाइतकी जुनी आहे. अथर्ववेदात अशा मण्यांची स्वतंत्र सूक्ते आहेत. मात्र आज ‘मणी’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चकाकणारा दगड येतो, तसे तिथे नाही. तिथले बहुतेक मणी झाडाचे आहेत. जंगिड नावाच्या वनस्पतीचा मणी, वरण वृक्षाचा मणी, खैराचा मणी, औदुंबराचा मणी, पळसाचा मणी, दर्भाचा मणी. समुद्रातून आलेल्या शंखमण्याचेही एक सूक्त आहे. ‘प्रतिसर’ नावाचा, अंगाभोवती फिरवून बांधायचा मणीही आहे. आजच्या राखीची आणि पूजेच्या वेळी मनगटाला गुंडाळतात त्या दोऱ्याची ही थोरली पणजीच म्हणायची. कौशिकसूत्रात या मण्यांचा विधी दिला आहे. मणी दही आणि मध यांत तीन दिवस ठेवायचा आणि मग मंत्र म्हणून बांधायचा.

यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की तो मणी रानातून फुकट मिळत होता. खैर, उंबर, पळस कोणाच्या तिजोरीत नसतात. दुसरी ही की तो कोणीतरी कोणालातरी बांधत असे. बांधणाऱ्याचा शब्द, त्याची शुभेच्छा, त्याने तीन दिवस केलेली खटपट हे सगळे त्या लाकडाच्या तुकड्यात गुंतलेले असे. मोल त्या शब्दाचे होते.

आपल्याच मातीतले खडे

दगडाचे मणीही तितकेच जुने आहेत. सिंधू संस्कृतीच्या नगरांत तांबड्या अकीकाचे सुरेख मणी सापडले आहेत. त्यासाठी आपल्याला फार लांब जायलाही नको. सह्याद्री आणि त्याच्या पूर्वेचे आपले पठार काळ्या कातळाचे, म्हणजे थिजलेल्या लाव्हारसाचे आहे. त्या लाव्हारसात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. त्या पोकळ्यांत पाण्यातून झिरपत आलेली सिलिका साचली आणि गारा, अकीक, स्फटिक तयार झाले. शेत नांगरताना फाळाला लागून जी गारगोटी वर येते, जी फोडली की आत साखरेसारखे स्फटिक चमकतात, तीच ही. कृष्णा, भीमा, गोदावरी यांच्या वाळवंटात असे गोटे पावलागणिक मिळतात. आमच्या लहानपणी दोन गारा घासून ठिणगी पाडणे हा गुराख्यांचा खेळ होता. त्यांना मनगटावर बांधावे असे कोणाला सुचले नाही, कारण त्या विकत मिळत नव्हत्या.

पण दोन हजार वर्षांपूर्वी याच गारांना परदेशात मोठे गिऱ्हाईक होते. ‘पेरिप्लस’ नावाचा एका ग्रीक व्यापाऱ्याचा ग्रंथ आहे, सुमारे इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. त्यात तो लिहितो की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. पैठणहून गाड्या भरभरून अकीकाच्या जातीचा दगड भडोचला जाई, आणि तेरहून कापड. तेरच्या उत्खननात आणि तिथल्या लामतुरे संग्रहालयात त्या काळचे मणी आहेत. कोल्हापूरजवळ पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये खोदकाम केले, तिथेही मणी निघाले.

आता हा योग पाहा. पैठण म्हणजे नाथ महाराजांचे गाव. तेर म्हणजे गोरोबाकाकांचे गाव. ज्या पैठणातून रोमी बाजारात खड्यांच्या गाड्या गेल्या, त्याच पैठणच्या नाथांनी पुढे भागवताचा एकादश स्कंध मराठीत आणला. ज्या तेरच्या मातीत मणी गाडले गेले, तीच माती तुडवून गोरोबाकाकांनी मडकी केली आणि नाम घेतले. खड्यांचे व्यापारी कोण होते, त्यांची नावे काय, हे आज कोणी सांगू शकत नाही. कुंभाराचे नाव मात्र घरोघर आहे.

राजाचे रत्न, ग्रहाचे रत्न

हळूहळू रत्नांचे शास्त्र तयार झाले. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत २२ रत्नांची नावे दिली आहेत आणि हिरा, मोती, माणिक व पाचू या चारांचे विस्ताराने वर्णन केले आहे. चांगले रत्न कोणते, दोष असलेले कोणते, आणि ते राजाला कसे फळ देते, असा त्याचा रोख आहे. चरकसंहितेतही दिनचर्या सांगताना रत्नालंकार घालणे मंगल आणि उत्साह वाढवणारे म्हटले आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात रत्नांची परीक्षा राजाच्या कोशाच्या, म्हणजे खजिन्याच्या प्रकरणात येते. जागा बरोबर आहे. रत्ने ही खजिन्याची वस्तू होती.

नवग्रह आणि नवरत्ने यांची जी जोडी आज आपण पाठ म्हणतो, सूर्याला माणिक, चंद्राला मोती, मंगळाला पोवळे, बुधाला पाचू, गुरूला पुष्कराज, शुक्राला हिरा, शनीला नीलम, राहूला गोमेद, केतूला लसण्या, ती वराहमिहिराच्या त्या रत्नप्रकरणांत अशी मांडलेली नाही. ती नंतरच्या ज्योतिषग्रंथांतून पक्की झाली. म्हणजे ‘वेदांपासून चालत आले आहे’ असे सांगून जो खडा विकला जातो, त्याचा वेदांशी संबंध फार दूरचा आहे. वेदातल्या माणसाने बांधला तो उंबराचा तुकडा.

एक फरक मात्र फार मोठा पडला. लाकडाचा मणी सर्वांना मिळत होता. रत्न ज्याच्याजवळ पैसा त्यालाच. मग रक्षणही पैसेवाल्यालाच मिळणार काय? ज्याच्या बोटात नीलम नाही त्याला शनीने पिडावे आणि ज्याच्या बोटात आहे त्याला सोडावे, असा न्याय ग्रहांचा असेल तर तो सावकारी न्याय झाला. गरिबांच्या मनात हा प्रश्न तेव्हाही आला असेल. संतांनी त्याला उत्तर दिले, ते पुढे पाहू.

घरातला दोरा

शास्त्र राजवाड्यात वाढत होते तेव्हा घरात जुनी चाल तशीच चालू होती. बाळाच्या मनगटात काळ्या मण्यांच्या मनगट्या, त्यांत काळ्यावर पांढरे ठिपके असलेला दृष्टमणी, कमरेला करगोटा, गळ्यात चांदीत मढवलेले वाघनख किंवा ताईत. हे बाळाच्या आजीने केलेले असते. ती काही रत्नपरीक्षा शिकलेली नसते. नातवाला कोणाची दृष्ट लागू नये एवढेच तिला कळते, आणि दृष्ट म्हणजे काय हे तिला विचारले तर तिच्या डोळ्यांत पाणी येते, कारण तिची दोन लेकरे पूर्वी गेलेली असतात. त्या काळ्या मण्यांत तो शोक आहे आणि ती माया आहे. त्याची थट्टा करणाऱ्याने आधी त्या आजीच्या पाटाशेजारी बसावे.

सांगलीकरांना तर मनगटावरचे खरे रत्न सांगायलाच नको. लग्नात वधूवरांच्या हाताला कंकण बांधतात, त्यात दोऱ्याला हळकुंड असते. ते हळकुंड सांगलीच्या पेठेतून देशभर जाते. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर हरिपूर आहे. तिथे जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठवण्याची रीत होती. वर माती, आत हळद, आणि वर्षानुवर्षे तिला कीड नाही. २००५ च्या महापुरात त्या पेवांचे फार नुकसान झाले. पण हळकुंड बांधण्याची रीत थांबली नाही. जखमेला लावावी, दुधात घालावी, भाजीत टाकावी अशी ही मुळी. तीच मंगल म्हणून मनगटावर येते. चार दिवसांनी कंकण सोडतात आणि हळकुंड पुन्हा कामाला लागते. पूर्वजांना मंगल वस्तू कशी असावी हे नीट कळत होते.

संतांच्या कथेतले दगड

आता आपल्या संप्रदायाकडे येऊ. आपल्या संतचरित्रांत रत्ने आणि मौल्यवान दगड पुष्कळ वेळा येतात. ते कुठे येतात आणि त्यांचे काय होते, हे एकदा सलग पाहण्यासारखे आहे.

पंढरपुरात परिसा भागवत होते. त्यांच्याजवळ परीस होता, लोखंडाचे सोने करणारा. त्यांच्या पत्नीने दया येऊन तो नामदेवरायांच्या राजाईला दिला, कारण नामदेवांच्या घरात दाणा नव्हता. नामदेवरायांना हे कळताच त्यांनी परीस चंद्रभागेत टाकला. परिसा भागवत रागावून आले, तेव्हा नामदेवरायांनी वाळवंटात हात घालून ओंजळभर खडे काढले आणि म्हणाले, यातला तुमचा ओळखून घ्या. प्रत्येक खडा परीस होता. मघाशी सांगितलेल्या गारा त्या याच. ज्याच्या पायाखाली सारेच परीस आहेत, त्याने एकच खडा मुठीत घट्ट धरून का बसावे? परिसा भागवतांनी परिसाचा नाद सोडला आणि नामदेवांना गुरू केले.

नरहरी महाराज सोनार होते, म्हणजे खडे जडवणे हाच त्यांचा धंदा. ते निष्ठावंत शिवभक्त. विठ्ठलाच्या कमरेचे सोन्याचे भूषण घडवण्याचे काम त्यांच्याकडे आले. दोनदा माप चुकले. शेवटी डोळे बांधून माप घ्यायला गेले, हातांना शंकराच्या खुणा लागल्या, पट्टी काढली तर विठ्ठल. दागिना बसला की नाही याच्याशी कथेला कर्तव्य नाही. दागिना हे निमित्त. सोनाराचे डोळे उघडले ही कथा.

जनाईची कथा वेगळी आहे आणि ती सांगताना आवाज जड होतो. देव पहाटे दळायला आले आणि जाताना घाईने आपले रत्नजडित पदक जनीच्या झोपडीत विसरले, तिची वाकळ पांघरून गेले. सकाळी पदक नाही म्हणून शोध झाला आणि जनीवर चोरीचा आळ आला. तिला सुळावर द्यायला नेले. सुळाचे पाणी झाले आणि ती वाचली. चोखोबारायांच्या चरित्रातही देवाचा रत्नहार येतो. तो त्यांच्या गळ्यात सापडला म्हणून त्यांना छळ सोसावा लागला.

आपण या कथा चमत्कार म्हणून सांगतो. पण त्यांतले दुसरे सत्यही सांगितले पाहिजे. दासीजवळ आणि महाराजवळ रत्न दिसले की समाजाला एकच सुचले, चोरी. जे रत्न राजाचे रक्षण करते असे ग्रंथ म्हणतात, ते जनीला सुळापर्यंत घेऊन गेले. तिला वाचवले ते दळता दळता घेतलेल्या नामाने.

आणि साताऱ्याची आपली सखू. कृष्णाकाठच्या कऱ्हाडची ही सासुरवाशीण. पंढरीला जायचा ध्यास घेतला म्हणून घरच्यांनी तिला खांबाला बांधून ठेवले. तिच्या मनगटाला ना मणी, ना कंकण. काढण्या करकचून आवळलेल्या. विठ्ठल बाईच्या रूपाने आले, तिला सोडवले आणि तिच्या जागी स्वतःला बांधून घेतले. रक्षेचा दोरा माणूस आपल्या मनगटाला बांधतो, देवाने माझे रक्षण करावे म्हणून. इथे भक्ताच्या मनगटाचा दोर देवाने आपल्या मनगटावर घेतला. मी अनेक वर्षे कीर्तनात ही कथा लावली. रक्षण म्हणजे काय, याचे याहून सोपे उत्तर मला पोथ्यांत मिळाले नाही.

आरफळचे हैबतबाबा

आज आळंदीहून पालखी ज्या शिस्तीने चालते, ती शिस्त लावणारे हैबतबाबा सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. आळंदीच्या महाद्वारातली पहिली पायरी त्यांच्या नावाची, आणि आरफळकर घराण्याकडे आजही पालखीचे मालकपण आहे. हैबतराव हे शिंद्यांच्या पदरी सरदार होते. परंपरा सांगते की उत्तरेत पराक्रम गाजवून, पुष्कळ धन-जवाहीर घेऊन ते गावाकडे निघाले आणि सातपुड्यात लुटारूंनी त्यांना पकडून गुहेत कोंडले.

विचार करा. जवाहीर होते, शस्त्रे होती, माणसे होती. संकट आले ते त्या जवाहिराच्या वासानेच. गुहेत त्यांच्याजवळ उरला तो हरिपाठ. तो म्हणत ते बसून राहिले. पुढे टोळीच्या नायकाला पुत्र झाला, त्याचे मन पालटले आणि त्याने त्यांना सोडले, असे सांगतात. हैबतबाबा आरफळला न राहता आळंदीला आले आणि उरलेले आयुष्य माउलींच्या पायाशी घातले. त्या गुहेतून ते जवाहीर घेऊन परतले असते तर सातारा जिल्ह्याला आणखी एक वाडा मिळाला असता. ते हरिपाठ घेऊन परतले म्हणून लाखो लोकांना वाट मिळाली.

मन ठिकाणावर राहावे, पाय जमिनीवर राहावेत म्हणून जो खडा घेतात, त्यांच्यासाठीही याच वाटेवर उत्तर आहे. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर, अठरा-वीस दिवस, ऊन, पाऊस, चिखल, आणि पुढच्या माणसाच्या पायाशी पाय. तेवढे चालल्यावर पाय आपोआप जमिनीवर येतात, आणि ‘मी कोण’ हा प्रश्न दिंडीतल्या जेवणाच्या पंगतीत विरघळून जातो.

मुशीत काय उरते

आता थोडे व्यवहाराचे बोलू, कारण भीती व्यवहारातूनच घरात शिरते.

सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, विटा आणि त्याला लागून साताऱ्यातले माण, खटाव हा सारा दुष्काळी टापू. इथली माणसे पोटासाठी देशभर गेली आणि गलाईच्या धंद्यात स्थिरावली. जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करून देणे हे त्यांचे काम. त्यांच्यातले पुष्कळ जण माळकरी आहेत आणि गावच्या सप्ताहाला हटकून येतात. त्यांच्याकडून मी एक गोष्ट शिकलो. दागिना मुशीत घालण्याआधी त्यातले खडे उपटून बाजूला काढतात. मुशीत जाते ते सोने. तोलले जाते ते सोने.

१९७२ च्या दुष्काळात या भागातल्या बायांनी डोरली, पुतळ्या, पाटल्या गहाण टाकल्या आणि लेकरे जगवली. सोन्याने त्यांचे रक्षण केले, यात शंका नाही. पण ते बाजारभावाने केले, मंत्राने नव्हे. खड्याला तेवढेही साधत नाही. एका गावी सप्ताहाला गेलो असता एका घरी उतरलो होतो. मुलीचे लग्न जमत नाही म्हणून कोणी सांगितले, गुरूचा खडा घाला. दुभती म्हैस विकून पुष्कराजाची अंगठी केली. लग्न यथावकाश झाले, जसे सगळ्यांचे होते. पुढे विहिरीच्या कामाला पैसा हवा म्हणून अंगठी मोडायला नेली. सराफाने खडा काढला, सोने तोलले, सोन्याचे पैसे दिले आणि खडा कागदात गुंडाळून हातात परत ठेवला. ती माउली मला ती पुडी दाखवून म्हणाली, “महाराज, माझी म्हैस या कागदात आहे.” मी तिला काय निरूपण करणार? त्या घरातल्या पोरांचे दूध तुटले होते.

खडे विकणारा प्रत्येक जण लबाड असतो असे मी म्हणत नाही. श्रद्धेने सांगणारेही आहेत. पण जो आधी भीती घालतो आणि मग त्या भीतीचा उतारा विकतो, त्याच्यापासून माळकऱ्याने लांब राहावे.

माळ कशाला म्हणतात

आता माळ. ती कुठून येते? तुळशीच्या वाळलेल्या काष्ठापासून. पंढरपुरात काशीकापडी समाजाची कुटुंबे पिढ्यान् पिढ्या हे काम करतात. काष्ठ तासायचे, लहान सांगड्यावर फिरवून मणी गोल करायचा, भोक पाडायचे, ओवायचे. तळहाताला घट्टे पडतात. एकशे आठ मण्यांची माळ हातात येते तेव्हा तिची किंमत एखाद्या वेळच्या चहा-फराळाएवढी असते. राजा घालो की रोजगारी, माळ तीच.

वेदातला मणी झाडाचा होता, मधल्या काळात तो दगडाचा आणि पैशाचा झाला. वारकऱ्यांनी तो पुन्हा झाडाचा केला. तोही अशा झाडाचा, जे प्रत्येक दारात उभे असते आणि ज्याला घरातली सून रोज पाणी घालते. तुळशीच्या एका पानाने श्रीकृष्णाची तुला सत्यभामेच्या सगळ्या रत्नालंकारांहून जड झाली, ही कथा आपल्या बायांना पाठ आहे ती उगाच नाही.

पण माळेचा आणि खड्याचा खरा फरक लाकूड आणि दगड एवढाच नाही. खडा माणूस घालतो तो काही मिळावे म्हणून किंवा काही टळावे म्हणून. माळ घालताना मिळण्याचे बोलणेच नसते. ज्येष्ठ वारकऱ्याच्या हातून माळ घेताना आपण कबूल करतो की मी एकादशी करीन, पंढरीची वारी करीन, हरिपाठ म्हणेन, मद्यमांस सोडीन, खोटे बोलणार नाही, दुसऱ्याचे लुबाडणार नाही. खड्यात मागणे आहे, माळेत वचन आहे. म्हणूनच माळ तुटली तर जुनी माणसे ती पुन्हा घालेपर्यंत अन्नाला शिवत नाहीत. अरिष्ट येईल या भयाने ते उपाशी राहत नाहीत. दिलेल्या शब्दाची खूण अंगावर नसताना घास घ्यावा हे त्यांना बरे वाटत नाही.

इथे आपल्यालाही आपल्या घरात डोकावले पाहिजे. माळेचासुद्धा ताईत करणारे लोक आपल्यात आहेत. माळ घातली आता अपघात होणार नाही, माळ आहे म्हणून कर्ज फिटेल, अशा हिशेबाने ती गळ्यात अडकवायची आणि वागणे होते तेच ठेवायचे. कोणी मण्यांना सोन्याच्या टोप्या घालून मिरवतात. असे झाले की तुळशीचे काष्ठही बाजारातला खडाच झाले. त्याला मग नीलमाची किंमतसुद्धा येत नाही.

तेव्हा त्या माउलीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. बाळाच्या हातातल्या आजीच्या मनगट्या काढू नकोस. ती आजीची माया आहे, आणि बाळ आजारी पडले तर मात्र मनगट्यांवर न विसंबता डॉक्टरकडे ने. आईची मोत्याची अंगठी असेल तर आठवण म्हणून आनंदाने घाल. भावाची राखी, लग्नाचे हळकुंड, सत्यनारायणाचा दोरा यांना कोणी ना म्हणत नाही. हौस म्हणून पोराने रंगीत मणी घातले तर त्यावरून घरात भांडण नको. पण भीतीने खडा घेऊ नकोस. कर्ज काढून घेऊ नकोस. जनावर विकून, पोरांचे दूध तोडून, औषधाचे पैसे वळवून तर मुळीच घेऊ नकोस. कोणी म्हणाले की खडा घालायचा तर आधी माळ उतरव, तर त्याला रामकृष्णहरि म्हण आणि पुढच्या पालाकडे चल.

आणि हात रिकामा वाटला तर त्यात टाळ घे. दोन्ही हात टाळात गुंतले की मनगटावर काय आहे हे पाहायला सवड राहत नाही.

रामकृष्णहरि.